लघवी कमी होतेय? विहीर आटली की मोटार बिघडली, ते सांगते लघवीची ‘डिग्री’

रिपोर्टमधला एक दुर्लक्षित आकडा. उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा

उन्हाचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की गावात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘उन्हाळी लागली’. दुसरी, ‘दिवसभरात लघवीच झाली नाही, झाली ती पिवळीजर्द’. बहुतेक जण धन्याचं पाणी पितात, सब्जा खातात आणि पुन्हा कामाला लागतात. कोणी दवाखान्यात गेलंच तर डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. अर्ध्या तासात कागद हातात येतो. साखर नाही, पस सेल नाही, एवढं बघून कागद घडी घालून खिशात जातो.

त्याच कागदावर वरच्या चार-पाच ओळींत एक आकडा असतो. १.०१०, १.०२०, १.०३० असा काहीतरी. पुढे लिहिलेलं असतं ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’. मराठीत विशिष्ट गुरुत्व. हा आकडा फारसं कोणी विचारत नाही. पण अंगात पाणी किती आहे आणि किडनी आपलं काम करते की नाही, या दोन्ही गोष्टींचा पहिला अंदाज याच आकड्यावरून येतो. तपासणी स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही आणि ती जवळपास प्रत्येक लघवीच्या रिपोर्टात आधीपासूनच असते.

दुधाची डिग्री आणि लघवीची डिग्री

हा आकडा समजायला अवघड नाही. रोज सकाळी डेअरीवर दूध घालणाऱ्याला तो आधीच माहीत आहे. डेअरीवाला दुधात लॅक्टोमीटर सोडतो आणि ‘डिग्री’ बघतो. दूध दाट असेल तर काचेची नळी वर तरंगते, पाणी मिसळलेलं असेल तर खाली जाते. लॅक्टोमीटर २८ दाखवतो म्हणजे त्या दुधाचं विशिष्ट गुरुत्व १.०२८ असतं. म्हणजेच एक लिटर पाणी १००० ग्रॅम भरतं, तर ते दूध १०२८ ग्रॅम भरतं.

लघवीचंही असंच आहे. लघवीत पाण्याबरोबर युरिया, मीठ आणि शरीराने टाकून दिलेले इतर पदार्थ विरघळलेले असतात. ते जास्त असले की लघवी जड, कमी असले की पाण्यासारखी हलकी. पूर्वी लॅबमध्ये यासाठी लॅक्टोमीटरसारखीच काचेची नळी वापरायचे, तिला युरिनोमीटर म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी रंग बदलणारी पट्टी लघवीत बुडवतात. काही लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असतो. द्राक्ष बागायतदार मण्यांची ‘शुगर’ बघायला जी छोटी दुर्बीण डोळ्याला लावतात, तिचंच हे भावंड.

फरक इतकाच की दुधाला डिग्री जास्त लागली की आपण खूश होतो. लघवीचं तसं नाही. इथे डिग्री कमी-जास्त होत राहणं हीच चांगली खूण आहे. का, ते पुढे बघू.

किडनी रोज किती पाणी उपसते?

दोन्ही किडन्या मिळून चोवीस तासांत साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. शेतावर दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो, त्याहून थोडं कमी. एवढी लघवी मात्र कोणालाच होत नाही. होते ती दीड-दोन लिटर. उरलेलं पाणी किडनी परत रक्तात ओढून घेते. म्हणजे शंभरातलं नव्व्याण्णव लिटर परत जातं.

हे परत ओढणं गरजेप्रमाणे कमी-जास्त होतं. उन्हात घाम गेला, पाणी प्यायला मिळालं नाही, तर मेंदूकडून किडनीला निरोप जातो की पाणी धरून ठेव. मग किडनी थोड्याशा पाण्यात सगळी घाण बाहेर टाकते. लघवी थोडी, गडद आणि जड होते. उलट एखाद्याने दोन तांबे पाणी एका दमात प्यायलं, तर तासाभरात लघवी भरपूर आणि पाण्यासारखी होते. दाट करायची आणि पातळ करायची, ही दोन्ही कामं निरोगी किडनीला जमतात.

आकडा कसा वाचायचा?

मोठ्या माणसाचा आकडा दिवसभरात साधारण १.००५ ते १.०३० च्या दरम्यान खाली-वर होतो. ढोबळ अर्थ असा:

• १.००५ च्या आसपास किंवा खाली: लघवी अगदी पातळ. नुकतंच भरपूर पाणी प्यायलं असेल तर ठीक. पाणी न पिताही रोज असंच येत असेल आणि सारखी तहान व सारखी लघवी असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

• १.०१० ते १.०२०: बहुतेकांचा दिवसाचा आकडा यात येतो.

• १.०२० च्या वर: लघवी दाट. सकाळच्या पहिल्या लघवीला असा आकडा येणं चांगलं, कारण रात्रभर पाणी न पिता किडनीने ते नीट धरून ठेवलं असा त्याचा अर्थ. भर दुपारी कामावर असा आकडा आला तर मात्र अंगातलं पाणी कमी पडतंय.

• १.०३० आणि पुढे: शरीर सुकलंय, किंवा लघवीत साखर वगैरे दुसरं काही उतरलंय.

विहीर आटली की मोटार बिघडली?

आता खरा प्रश्न. शेतात पाइपातून पाणी येईना की शेतकरी दोन शक्यता तपासतो. विहिरीला पाणी नाही, की पाणी आहे पण मोटार बिघडली? दोन्हींत पाइप कोरडाच दिसतो. पण उपाय वेगळा असतो. विहीर आटलेली असताना मोटार चालू ठेवली तर मोटारही जळते.

लघवी कमी झालेल्या माणसाचंही असंच. जुलाब, उलट्या, ताप किंवा ऊन लागल्याने अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ती आटलेली विहीर. अशा वेळी किडनी चांगली असते आणि जिवाच्या आकांताने पाणी वाचवत असते. लघवी थोडी, पण दाट येते. विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या वर जातं. लघवीतलं सोडियम तपासलं तर ते कमी, साधारण २० च्या खाली येतं, कारण किडनी पाण्याबरोबर मीठही धरून ठेवते. वेळेत पाणी, ओआरएस किंवा सलाइन मिळालं की लघवी सुरू होते आणि माणूस सावरतो.

पण तसंच सुकत राहिलं तर किडनीच्या आतल्या बारीक नळ्यांना इजा होते. मग मोटारच बिघडते. तेव्हाही लघवी थोडीच होते, पण ती दाट नसते. आकडा १.०१० च्या जवळ येतो आणि लघवीतलं सोडियम ४० च्या वर जातं. पाणी धरून ठेवायची ताकद किडनीत उरलेली नसते. अशा रुग्णाला नुसत्या सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या तर पाणी बाहेर पडत नाही, ते अंगावर आणि फुप्फुसात साठतं. म्हणून आधी निदान, मग बाटली. ‘डॉक्टर, एक सलाइन लावाच’ असा आग्रह धरण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

दवाखान्यात नर्स सिस्टर रुग्णाला किती पाजलं आणि किती लघवी झाली हे लिहून ठेवतात, तेही याचसाठी. चोवीस तासांत ४०० मिलीपेक्षा कमी लघवी ही मोठ्या माणसासाठी धोक्याची खूण धरतात. नातेवाइकांनी बेडपॅन परस्पर ओतून न देता सिस्टरना दाखवून मगच रिकामं करावं.

‘लघवी भरपूर होते, म्हणजे किडनी चांगली’ हा गैरसमज

गावात अनेकांना वाटतं की लघवी मोकळी होतेय ना, मग किडनीला काय धाड भरलीय? इथेच घात होतो.

शरीराला रोजची घाण बाहेर टाकायचीच असते. निरोगी किडनी ती अर्ध्या लिटर लघवीतही बसवू शकते, कारण तिला लघवी दाट करता येते. कमजोर झालेल्या किडनीला ते जमत नाही. तीच घाण टाकायला तिला दोन लिटर लघवी लागते. ट्रॅक्टर-ट्रॉली असली की माल एका खेपेत जातो, डोक्यावर पाट्या वाहायच्या तर चार खेपा होतात, तसंच हे. म्हणून किडनीचा जुना आजार सुरू होताना लघवी कमी न होता उलट जास्त होऊ शकते, रात्रीसुद्धा दोन-तीनदा उठावं लागतं. शुगर, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा झोपताना प्यायलेलं पाणी हीही कारणं असतात. पण नव्यानेच रात्री उठावं लागत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

अशा माणसाचा आकडा सकाळी, दुपारी, संध्याकाळी कधीही तपासा, १.०१० च्या आसपासच अडकलेला दिसतो. रक्तातून गाळून आलेल्या पाण्याचा मूळ आकडाच तेवढा असतो. म्हणजे किडनी ते पाणी दाटही करत नाही, पातळही करत नाही, आलं तसं पुढे सोडून देते. एकदा १.०१० आला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो कोणालाही येऊ शकतो. सकाळच्या पहिल्या लघवीसकट तीन-चार वेळा तोच आला तर मात्र पुढची तपासणी हवीच.

आणि अशा माणसाला ऊन लवकर मारतं. अंगात पाणी कमी असलं तरी त्याची किडनी ते अडवून धरत नाही. बाकीचे दुपारपर्यंत तग धरतात, हा अकरालाच गळतो.

आकडा कधी फसवतो?

लॅक्टोमीटरला साखर घालून फसवता येतं, हे दूधवाल्यांना सांगायला नको. लघवीतही साखर उतरली की काचेच्या नळीवर आणि रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा वाढतो. म्हणून शुगर वाढलेल्या रुग्णाचा मोठा आकडा बघून ‘किडनी झकास’ म्हणता येत नाही. प्रथिनं जात असतील, किंवा एक-दोन दिवसांत सिटी स्कॅनसाठी शिरेतून डाय दिला असेल, तरी आकडा वाढतो. लघवी होण्याच्या गोळ्या, ज्या बीपी आणि हृदयाच्या रुग्णांना देतात, त्यांनी तो कमी होतो.

शिवाय पट्टीवरचा आकडा हा अंदाज असतो. नेमकं मोजायचं तर मोठ्या लॅबमध्ये लघवीची ‘ऑस्मोलॅलिटी’ करतात. विरघळलेल्या कणांची ती थेट मोजणी. गरज पडली तरच डॉक्टर ती सांगतात.

नमुना द्यायचा कसा?

चुकीचा नमुना म्हणजे चुकीचा रिपोर्ट. थोडी काळजी घ्यावी:

• दाट करण्याची ताकद बघायची असेल तर सकाळची पहिली लघवी सर्वांत चांगली. तपासणीआधी मुद्दाम बाटलीभर पाणी पिऊन जाऊ नये.

• सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधल्या धारेची लघवी लॅबच्या डबीत घ्यावी. औषधाची धुतलेली बाटली चालत नाही.

• नमुना तास-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचावा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून बाजार करत बसू नये.

• पाळी सुरू असेल तर महिलांनी आधी सांगावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगावीत, आयुर्वेदिक आणि पुडीतल्यासुद्धा.

चोवीस तासांची लघवी जमा करायला सांगितली तर पहिल्या दिवशी उठल्यावरची लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीही त्यातच. मधली एकदा जरी बाहेर गेली तरी हिशोब चुकतो. तसं झालं तर लपवू नये, पुन्हा करावं.

मग रक्ताची तपासणी कशाला?

कारण एकट्या लघवीच्या आकड्यावर किडनीचा निकाल लागत नाही. आणि एकट्या क्रिएटिनिनवरही लागत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन बऱ्याचदा किडनीची साधारण अर्धी ताकद गेल्यावर वाढलेलं दिसतं. तोवर रिपोर्ट ‘नॉर्मल’च येत राहतो. म्हणून तीन गोष्टी एकत्र बघायच्या: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून काढलेला ईजीएफआर) आणि लघवीतलं अल्ब्युमिन. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० च्या आत हवं. ईजीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुना आजार धरतात.

शुगर किंवा बीपी असलेल्यांनी, वारंवार मुतखडा होणाऱ्यांनी, घरात कोणाला किडनीचा आजार असलेल्यांनी आणि कायम दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा एवढं करून घ्यावं.

उसाचा फड, ऊन आणि दुखण्याची गोळी

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांमध्ये किडनीचा आजार मोठ्या प्रमाणात आढळला. त्यांना ना शुगर होती, ना बीपी. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात शेतीवर राबणाऱ्यांमध्ये असाच आजार आहे. एकच कारण कोणी बोट ठेवून दाखवलेलं नाही, पण मध्य अमेरिकेत तरी रोजच्या रोज उन्हात सुकत कष्ट करणं हे मोठं कारण मानलं जातं. तिथल्या ऊस कामगारांसाठी उपाय सुरू झाला तो तीन शब्दांचा: पाणी, विश्रांती, सावली.

आपल्याकडचा ऊसतोड कामगार पहाटेच कोयता घेऊन फडात उतरतो. मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत सावली नसते. अंग दुखतं म्हणून संध्याकाळी टपरीवरून गोळी घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. अंग आधीच सुकलेलं असताना अशी गोळी म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोटार चालू ठेवण्यासारखंच. एखाद्या गोळीने लगेच काही होत नाही, पण हंगामभर रोज घेतली तर होऊ शकतं.

महिलांची अडचण वेगळी आहे. रानात आडोसा नाही म्हणून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी कोंडून धरतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो आणि तो वर किडनीपर्यंत चढू शकतो. फडावर चार काठ्यांना साडी बांधून आडोसा करायला खर्च येत नाही. मुकादमाने आणि शेतमालकाने एवढं तरी करावं.

पाणी किती, कसं?

उन्हात कष्टाचं काम करताना तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. एकदम तांब्याभर ढोसण्यापेक्षा हे बरं. भरपूर घाम गेला असेल, जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच टाकायचं, पेल्यात अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा.

मोबाइलवर ‘रोज सहा-सात लिटर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल’ असे मेसेज फिरतात. ते खरे नाहीत. जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. हृदयाचे, डायलिसिसवरचे आणि अंगावर सूज असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच पाणी प्यावं.

घरी बघायची सोपी खूण म्हणजे रंग. फिकट पिवळा ठीक. गडद पिवळा म्हणजे पाणी प्या. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीधमक होते आणि बीट खाल्ल्याने लालसर, तेवढं ध्यानात ठेवावं.

या वेळी थांबू नका

• आठ-दहा तास लघवीच झाली नाही

• लघवी कोऱ्या चहासारखी, काकवीसारखी किंवा रक्तासारखी आली

• लघवी कमी आणि तोंडावर, पायावर सूज, किंवा धाप लागतेय

• ऊन लागून बडबड, चक्कर, शुद्ध हरपणं

• साप चावल्यानंतर लघवी कमी किंवा लाल होणं. घोणसाचं विष किडनीवर जातं, त्यामुळे झाडपाल्यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावं.

तपासणी कुठे होते?

लघवीची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. कुठे जायचं कळत नसेल तर आशाताईंना विचारावं. किडनी निकामी झालेल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन चार-चार तास मशीनला जोडून घेणं म्हणजे काय, हे ज्या घरात चालू आहे त्यांनाच ठाऊक. मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याचीही बुडते.

मोटार जळाल्यावर ती नवी बसवता येते. किडनीचं तेवढं सोपं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी लघवीचा रिपोर्ट हातात आला की घडी घालण्याआधी तो आकडा बघा आणि डॉक्टरांना विचारा, ‘माझी डिग्री किती आली, आणि ती बरोबर आहे का?’

(ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषध, सलाइन किंवा पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावं.)